छायाचित्रापुरती भूल

नोंदणीकक्षात एक कॅमेरा, एक संगणक, एक नोंदणी अधिकारी आणि आम्ही बारा रुग्ण होतो. बारांपैकी अकरा स्थिर होते.

बारावे घड्याळजी. एके काळी घड्याळं दुरुस्त करायचे. मेंदूच्या आनुवंशिक आजारामुळे आता त्यांचे हात, मान आणि चेहरा जागेपणी आपोआप नाचत. आज गालाची सूज डोळ्याला टेकली होती. दाढेखालचा पू आजच काढला नाही तर मानेत उतरेल, असं सर्जननी बजावलं होतं.

"हलू नका," अधिकारी म्हणाले.

"मी कुठं हलतोय? आजार हलतोय. वडिलांनी घर धाकट्याला दिलं, हा मला."

"साहेब, झोपेत थांबतं सगळं," त्यांची बायको म्हणाली. "झोपवल्यावर काढा की फोटो."

"ताई, फोटोशिवाय भूल देता येत नाही."

प्रकरण वर गेलं. वरून तोडगा आला: छायाचित्रापुरती भूल मंजूर. शस्त्रक्रियेच्या भुलीला फोटो लागतो; फोटोच्या भुलीला लागत नाही.

"मग एकाच भुलीत दाढही काढू," भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या.

"मंजूर हेतूबाहेर झोपवणं हा गैरवापर ठरतो, डॉक्टर."

कॅमेरा शेजारच्या शस्त्रक्रियागृहात नेला; दार आमच्यासमोर उघडंच होतं. घड्याळजींच्या नाकातोंडावर मास्क आला. वायूचे काही श्वास, आणि बोटं शांत पडली. दिवसाढवळ्या, कित्येक वर्षांनी. बायकोने ती हळूच हातात घेतली. मास्क बाजूला केला. पडद्यावर अक्षरं उमटली: 'चेहरा स्थिर. धन्यवाद. आता डोळ्यांची उघडझाप करा.'

सगळे घड्याळजींच्या पापण्यांकडे पाहू लागले.

"अहो, झोपलेत ते!"

"यंत्राला सबबी चालत नाहीत, ताई."

'व्यक्ती जिवंत आढळली नाही,' यंत्राने कळवलं.

सर्जन चिमटा घेऊन तयारच होते. "दोन मिनिटांचं काम आहे. काढू?"

"मृताची दाढ? ते खातं तळमजल्यावर."

घड्याळजी शुद्धीवर आले. मान पुन्हा नाचू लागली. त्यांनी जिभेने चाचपलं. "दाढ इथंच आहे. फोटो तरी बरा आला का?"

त्यांची चाकांची खुर्ची आणि कॅमेरा, दोन्ही नोंदणीकक्षात परत आले. सूज डोळ्यावर चढली होती. बायको रांगेकडे वळली.

"अहो, तुम्ही तरी कुणी बोला की!"

कॅमेरा आमच्याच दिशेने ठेवला होता. पडद्यावर नोंद उमटली: 'चेहरे अकरा. डोळ्यांची उघडझाप नियमित. हालचाल शून्य.'