बखर रेवाबाईसाहेबांच्या पहिल्या जोड्यांची

श्री. लहान पावलांस सांभाळणारा प्रसन्न असो. शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सरे, आषाढमासी एका राज्यात एक पत्र आले आणि त्याचे उत्तर गेले नाही, तेथून या हकीकतीस प्रारंभ जाहला. राज्याचे नाव लिहावयाचे कारण नाही. दोन खोल्या, पुढे व्हरांडा आणि भिंतींस लागून पुस्तकांची कपाटे, ऐसा तो मुलूख. तेथे थोरले महाराज नरहरपंत आणि राणीसाहेब कमलिनीबाई नांदत होती. महाराज मोठे वाचणारे, परंतु स्वभावे अति भिडस्त. दाराची कडी वाजली तरी आपणाकडे कोण येणार, कोणी घर चुकला असेल, ऐसे प्रथम मनात आणावे आणि मग उठावे. त्यांची एकुलती कन्या सुनेत्राबाई दक्षिणदेशी संसार करून होती आणि तिचे पोटी रेवाबाईसाहेब, वय सव्वा वर्ष, नुकतीच पावले टाकू लागली होती. फोनवर बापलेकीचे बोलणे ‘बरी आहेस ना’ आणि ‘बरी आहे’ याउपर जात नसे, म्हणोन कन्येने पत्रच लिहिले की, “बाबा, रेवा चालायला लागली. तिचे पहिले बूट आजोबांकडून यावेत अशी माझी फार इच्छा आहे. मापासाठी तिच्या पावलांचे ठसे पाठवतेय. दसऱ्यानंतर तिला पाळणाघरात घालायची, तिथे बूट लागतात. तोवर कळवा, नाहीतर मी इथेच घेऊन टाकीन. आणि बाबा, माझ्यासारखे वाढत्या मापाचे नकोत हं!” आणि सोबत कागदावर कुंकवाच्या पाण्याने उठविलेली दोन पावले.

ते शेवटचे वाक्य महाराजांचे काळजात जाऊन बसले. कारण ऐसे की, सुनेत्राबाई लहान असता राज्याचा रिवाज वाढत्या मापाचा होता. परकर वाढत्या मापाचा, स्वेटर वाढत्या मापाचा, आणि जोडे तर ऐसे की पुढे कापसाचा बोळा कोंबावा, तेव्हा पाऊल ठरावे. ते तांबडे जोडे घालून राजकन्या घरभर फटाक फटाक करीत हिंडत असे आणि महाराज वाचीत बसले असता तो आवाज जवळ आला की शाईची दौत उचलून कपाटावर ठेवीत. मग जोडे पायास नीट येईतो त्यांचे तळ जात आणि मग पुनश्च वाढत्या मापाचे येत. सारांश, धड जोडा आणि धड माप यांची भेट त्या लेकराच्या पायी कधी जाहलीच नाही. तो फटाक फटाक आवाज महाराजांस आजही प्रिय होता, आणि लेकीस मात्र तो टोचत आला ऐसे त्यांनी मनाशी घेतले. मग उत्तर लिहावयास बसावे, ‘चि. सुनेत्रा’ इतके लिहावे आणि कागद घडी करून पुस्तकात ठेवावा, ऐसे करिता करिता श्रावणही गेला.

इकडे महाराजांनी लहान मुलांच्या पायांवर ग्रंथ मिळवून वाचिले. टाच घट्ट बसावी, पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहावी, तळ हाताने वाकेल इतका मऊ असावा, हे सर्व मुखोद्गत केले. मग कुंकवाची पावले पुठ्ठ्यावर उतरवून कातरली आणि भाद्रपदात, गौरी येण्याच्या दिवशी सकाळीच, बाजारी स्वारी केली. दुकानदार म्हणाला, “आजोबा, मूल कुठंय?”

“मूल लांब असतं. हा पाय आहे.”

“हा पुठ्ठा आहे, आजोबा. एक नंबर मोठा देतो. पोरांचे पाय दुधीभोपळ्यासारखे वाढतात.”

“मोठा नको!” महाराज एवढ्या मोठ्याने बोलिले की त्यांचे त्यांसच नवल वाटले. मग पुठ्ठ्यापुढे अंगठा धरून, तितकीच जागा सोडून, निळे जोडे घेऊन महाराज विजयी मुद्रेने परतले.

राणीसाहेब गौरीच्या पावलांकरिता वाटीत कुंकू कालवीत होत्या. जोडे पाहून म्हणाल्या, “एवढुसे? अहो, बाहुलीला आणलेत का?”

“मापानं आणलेत. ठसा कातरून.”

“ठशात बोटांची टोकं कुठायत? गार फरशीवर ही बोटं वर धरत असणार. सुनेत्रा नव्हती धरत? कोंबडीच्या पिल्लासारखी चालायची. आणि ठसा आषाढातला, आता भाद्रपद लागलाय. तुमच्यासाठी थांबलाय का तो पाय?”

महाराजांस खरे वाटेना. मग राणीसाहेबांनी त्यांचाच उजवा पाय कुंकवाच्या पाण्यात बुडविला, कागदावर टेकविला आणि कागद कातरून त्यांच्या चपलेत ठेविला, तो कागद चपलेत सैल हिंडू लागला. महाराज खजील जाहले आणि पाय धुवावा म्हणोन उठोन व्हरांड्याकडे चालिले. तोच मागून हाक आली, “थांबा! गौरी यायच्या दिवशी बाहेर जाणारी पावलं काढताय? आत या आधी!”

महाराज घाबरून तैसेच पाठमोरे आत येऊ लागले.

“उलटे काय येताय! पावलाचं तोंड आत हवं ना. बाहेर व्हा, वळा आणि नीट या.”

“एकच पाऊल उठतंय.”

“उठू दे. लंगडी तर लंगडी, गौर आत आली पाहिजे.”

मग महाराज उंबऱ्याबाहेर जाऊन वळले आणि उजवे पाऊल वाटीत बुडवीत, भिंतीस धरीत, कपाटांपर्यंत आले. राणीसाहेबांस हसू आवरेना, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, “सगळ्यांच्या गौरी आज माहेरी आल्या. आपली कधी यायची?”

“तिनं कुठं विचारलंय यायचं? माप विचारलंय.”

“तिच्या गावात दुकानं नाहीत, होय? तुम्ही तिला ‘ये’ म्हणालात कधी? दर वेळी आपलं, सवड असेल तर बघ.”

“आणि ते वाढत्या मापाचं लिहिलंय ते?”

“चेष्टा करतेय हो तुमची! लाडानं लिहिलंय. टोमणा मारायचा असता तर मला लिहिलं असतं.”

महाराजांनी खाली पाहिले. जमिनीवरील पावले आत येत होती आणि कपाटापाशी थांबली होती. मग त्यांनी पुस्तकातील घडी केलेला कागद काढिला आणि ‘चि. सुनेत्रा’ याचे पुढे लिहिले: “अनेक आशीर्वाद. ठशावरून माप लागत नाही. मुलाला उभं करून बूट पाहावा लागतो. म्हणून पाय इकडे घेऊन ये. तूही ये. दसऱ्याच्या आधी ये. मी आणलेले लहान झाले आहेत, ते बाहुलीला होतील. वाढत्या मापाचे घेणार नाही. पाय वाढला की पुन्हा या, पुन्हा घेऊ. – बाबा.” पुन्हा वाचले तर धीर सुटेल म्हणोन वाचिले नाही. पाकीट चिकटविले आणि लाल पाऊल तैसेच चपलेत घालून निघाले.

एकंदर हकीकत इतकीच. आषाढी पत्र आले, भाद्रपदी उत्तर जाहले, विलंबी संवत्सराने आपले नाव राखिले. महाराज गल्लीच्या टोकास लाल पेटीपाशी अंमळ थांबले, पाकीट आत सोडिले आणि ते तळाशी पडल्याचा आवाज कान देऊन ऐकिला.