नजर कुंकवावर

नीट पाहिलं की कोणत्याही कामातली चूक सापडते आणि सापडली की दुरुस्त होते, असं अकरा वर्षांच्या बातमीदारीनंतर माझं ठाम मत आहे. म्हणून बायकोची फुगडी मी सुधारायला घेतली.

गरज होतीच. आमच्या उत्रोलीत लग्न लागलं की दोघी विहिणी फुगडी घालतात. थोरलीच्या लग्नात आमची बयाबाई सातव्या फेऱ्याला घेरी येऊन खाली बसली. वरव्याची विहीण थोरलीला अजून ऐकवते, "आईला सात फेरं झेपलं न्हाईत, लेकीला संसार काय झेपणार?" आता मधली ठकू वेल्ह्याच्या डोंगरात द्यायची होती. तिची सासू सोजराबाई गिरणीच्या पट्ट्यासारखी फिरते, असं कानावर आलं होतं.

चार दिवसांत मला चूक सापडली. बया फिरताना आजूबाजूला बघायची. गोठा, रांजण, चूल, पुन्हा गोठा. घेरी येणार नाही तर काय!

"समोरचीच्या कुंकवावर नजर ठेव," मी म्हणालो. "जग फिरेल, कुंकू जागेवर राहील."

"अन् न्हाई दिसलं तर?"

"कुंकू कुठं पळून जातंय?"

सरावाला समोरची मीच. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातांची कैची, आणि रोज सकाळी गोठ्यात गिरक्या. एकदा शेजारचे कोंडिबा डोकावले. त्यांनी मला नाही, म्हशीला विचारलं, "ह्ये कवापासनं?" पण बया चाळीस फेऱ्यांवर पोचली.

लग्न लागलं. विहिणींनी हात धरले. पाय नीट दिसावेत म्हणून मी बायकांच्या घोळक्यातून थेट पुढं जाऊन उभा राहिलो.

"दाजी, बाजूला व्हा की," माझी मेहुणी अंबूबाई म्हणाली.

"हितनं चांगलं दिसतंय."

सोजराबाईंनी माझ्याकडं पाहिलं. एक हात सोडवला, पदर हनुवटीपर्यंत ओढला, टोक दातांत धरलं, हात पुन्हा धरला आणि फिरायला लागल्या.

बया कुंकू शोधू लागली. पदराच्या वर, पदराच्या खाली, शेवटी सवयीनं माझ्या कपाळावर. तिसऱ्या फेऱ्याला हात सुटले आणि ती मांडवाच्या मेढीला टेकून बसली.

"सात तरी हुतील वाटलं हुतं, विहीणबाई," पदराआडून आवाज आला.

"तोंड का झाकलंसा?" बयानं विचारलं.

"व्याही म्होरं उभं असताना उघड्या तोंडानं नाचू व्हय?"

ठकूनं मान खाली घातली. बयानं माझ्याकडं पाहिलं. नजर अजिबात हलत नव्हती.

अजून एक लेक उजवायची आहे. तिच्या डोक्यावर अक्षता पडल्या की मी नसरापूरला जाऊन थांबायचं आणि निरोप आल्याशिवाय परतायचं नाही, असं घरात ठरलं आहे. कोणी ठरवलं, हे मी विचारलेलं नाही.