भैरवीसाठी स्थळ पाहणे आहे

शनिवारी सकाळी पोहे खाताना भैरवीनं सासऱ्यांना एक साधी गोष्ट सांगितली, आणि रविवार उजाडायच्या आत तिचा संसार मोडल्याची बातमी मनीषनगरातून तिच्या माहेरी खाप्यापर्यंत पोहोचली. मधल्या वेळात कोणी खोटं बोललं नाही, की कोणी चहाडी केली नाही. सगळेच्या सगळे भलेपणानं वागले. असा घोळ नेहमी भल्या माणसांकडूनच होतो, कारण वाईट माणसं निदान विचार करून तरी वागतात.

भैरवी म्हणाली होती एवढंच, "बाबा, तुम्ही एवढे स्थळं पाहता. माझ्यासाठी बी एखादं पाहून द्या न."

हे हसत हसत झालं असलं, तरी तिची अडचण खरी होती. बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात ती बारा वर्षं मालाची तपासणी करत होती. बोटं फिरवून धाग्याचा दोष सांगायची. पण सहायक व्यवस्थापकाची जागा दोनदा निघाली आणि दोन्ही वेळा तिच्याच हाताखाली शिकलेल्या मुलांना मिळाली, कारण त्यांच्याकडे एमबीए होतं. या खेपेला साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, की महिनाअखेरपर्यंत एखाद्या मान्यताप्राप्त ऑनलाइन एमबीएला नाव घाला, तर जागा तुमच्यासाठी थांबवतो. महिनाअखेर म्हणजे उद्याचा रविवार.

तिच्यासमोर दोन पर्याय उरले होते. एक होती सुवर्णशिखर ग्लोबल बिझनेस युनिव्हर्सिटी. तिच्या वेबसाइटवर हिरवागार बगिचा होता, कारंजं होतं आणि काळे झगे घातलेली मुलं टोप्या उडवत होती. तिथल्या प्रीती मॅडम दिवसातून चार वेळा फोन करायच्या आणि दर वेळी सांगायच्या, की तुमची सीट आम्ही फक्त रविवारी बारापर्यंत धरून ठेवली आहे. दुसरं होतं एक जुनं विद्यापीठ. त्याच्या वेबसाइटवर गेल्या दिवाळीच्या सुट्टीची सूचना अजून लुकलुकत होती, आणि तिथे कोणी फोन करत नव्हतं, केलेला उचलतही नव्हतं. भैरवीचं मन बगिच्याकडे ओढ घेत होतं, पण तिथे शिकलेलं कोणी तिला अजून भेटलं नव्हतं.

मारोतराव, म्हणजे तिचे सासरे, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. तीस वर्षं मराठी टिपणं लिहिल्यामुळे ते वेबसाइटला संकेतस्थळ म्हणायचे, आणि निवृत्तीनंतर एवढा मोठा शब्द कोण उच्चारतं म्हणून नुसतं 'स्थळ'. घरात सगळ्यांना ते पाठ झालं होतं. बायको गेल्यापासून नऊ वर्षं ते समाजाच्या वधू-वर मंडळाचा व्हॉट्सॲप गट सांभाळत होते आणि त्यांनी जमवलेलं एकही लग्न मोडलं नव्हतं. त्यांची पद्धत ठरलेली होती. मुलाची चौकशी मुलाच्या घरी ते कधीच करत नसत. गल्लीच्या तोंडाशी जो इस्त्रीवाला असेल त्याच्याकडे जाऊन बसत. इस्त्रीवाल्याला सगळं माहीत असतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

सुनेनं आजवर स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. त्यामुळे मारोतरावांनी ते हसण्यावारी नेलं नाही. पोहे संपवून ते गॅलरीत बसले आणि पाऊण तास खपून त्यांनी गटावर हा मजकूर टाकला:

"नमस्कार. चि. सौ. कां. भैरवी (वय ३६, नोकरी बुटीबोरी) हिच्यासाठी चांगले ऑनलाइन स्थळ पाहणे आहे. एम.बी.ए. हवे. सरकारमान्य असावे. दोन वर्षांचे असल्यास उत्तम. नोकरी सांभाळून, शनिवार-रविवार जमावे. पूर्वी कोणाची फसवणूक झाली असल्यास निःसंकोच कळवावे. चि. ऋषीची पूर्ण संमती आहे. निर्णय रविवारी दुपारी बारापर्यंत. आपला, मारोतराव."

'चि. सौ. कां.' हे लग्नपत्रिकेतल्या नवरीच्या नावामागे लावतात, घरातल्या सुनेच्या नव्हे. पण नऊ वर्षांच्या सवयीनं फोनच ते आपोआप लिहायचा. बाकी मजकुरात लग्न हा शब्द नव्हता हे खरं, पण शिक्षण हाही नव्हता. गटावरच्या तीनशे लोकांनी तो वाचला आणि नऊ वर्षं जे समजत आले तेच समजले. मारोतरावांनी मात्र फोन चार्जिंगला लावला आणि समाधानानं आडवे झाले.

रविवारी सकाळी ऋषी, म्हणजे भैरवीचा नवरा, केस कापायला गेला. सलूनच्या खुर्चीत मारोतरावांचे जुने स्नेही विश्वनाथकाका बसले होते, अर्ध्या गालाला साबण लागलेला. ऋषीला पाहताच ते तसेच उठले, त्याला आपली जागा दिली आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ उभे राहिले.

"मोठ्या मनाचा आहेस गा तू," ते म्हणाले. "पूर्ण संमती आहे म्हणून लिहिलं आहे बाबांनं. आमच्यानं नसतं झालं."

बायकोच्या शिक्षणाला पाठिंबा देणारा नवरा म्हणून आपलं कौतुक होत आहे, असं ऋषीला वाटलं आणि तो खुलला. "त्यात काय काका," तो म्हणाला. "तिचं बी आयुष्य आहे. मी तर म्हणतो, हे एक झालं की दोन वर्षांनी दुसरं बी करावं तिनं. मले काही वाटत नाही."

काका साबणासकट घरी गेले.

इकडे अकरा वाजता घराखाली एक मालवाहू छोटा हत्ती येऊन थांबला. त्यातून भैरवीचे वडील देवराव उतरले. खाप्याला त्यांचं सायकलचं दुकान. गटावरच्या कुठल्याशा चुलत भाच्यानं मजकूर पुढे पाठवला होता आणि देवरावांनी सकाळी सहाला गाडी ठरवली होती, लेकीचं सामान न्यायला. ते वर आले, खुर्चीच्या काठावर बसले आणि पुढे केलेलं पाणी त्यांनी हातानंच नको म्हटलं. भैरवी आतल्या खोलीत संगणकासमोर बसली होती. सुवर्णशिखरचा अर्ज भरून झाला होता, आता फक्त शेवटचं बटण दाबायचं राहिलं होतं.

देवरावांनी आवाज आवरत म्हटलं, "तुम्ही ठरवलं ते ठरवलं, मारोतराव. पण मले एक फोन तर करायचा होता."

मारोतरावांना वाईट वाटलं. "चुकलंच माझं. पण मले वाटलं, तुम्हाले यातलं काय माहीत असणार. आजकाल हे सगळं ऑनलाइनच होऊन राहिलं."

"जावई काय म्हणते?"

"तोच तर मागं लागला. म्हणे, दोन वर्षं तिले घरच्या कामाचं नाव नाही घेऊ द्यायचं."

"दोनच वर्षं?" देवरावांनी खिशातून रुमाल काढला.

"तीनवालं बी असते," मारोतरावांनी समजूत घातली. "पण या वयात दोनवालं बरं."

देवरावांनी तो डोळ्यांना लावला. व्याह्यांना लेकीच्या प्रगतीचा इतका आनंद झालेला पाहून मारोतरावही हळवे झाले आणि त्यांनी त्यांच्या पाठीवर हात फिरवला. ते दोघे असे बसलेले असतानाच दारात सिंधूताई आल्या. सोबत त्यांचा मुलगा केशव, मान खाली घातलेला. सिंधूताई गटावरच्या जुन्या सदस्य होत्या आणि केशवसाठी चार वर्षं मुलगी शोधत होत्या. त्यांनी पिशवीतून बायोडाटा काढून टेबलावर ठेवला.

"पोरगा एमबीए आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही लिहिलं तसंच. पहिलं लग्न झालेली चालते आम्हाले. फक्त घटस्फोट झाला, का अर्ज सुरू आहे, तेवढं सांगा."

भैरवी बाहेरच येत होती. "कोणाचा घटस्फोट?" तिनं विचारलं.

"तुमचाच वं."

नेमका त्याच वेळी ऋषी केस कापून दारात आला, आणि सगळ्यांनी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यामुळे त्याला वाटलं कटिंग बिघडली आहे. भैरवीनं सासऱ्यांचा फोन चार्जरवरून काढला आणि मजकूर मोठ्यानं वाचला. 'चि. सौ. कां.'पाशी ती थांबली, 'ऋषीची पूर्ण संमती'पाशी तिचा आवाज फाटला, आणि मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना. मारोतराव दोनदा चष्मा पुसून वाचत राहिले. "स्थळच तर लिहिलं आहे," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. देवरावांना सगळं समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यांनी आधी मघाचं पाणी मागितलं, मग आणखी एक पेला.

सिंधूताई मात्र हिरमुसल्या. त्यांनी बायोडाटा उचलला, तेव्हा भैरवीची नजर त्यावरच्या एका ओळीवर गेली. शिक्षण: एमबीए, सुवर्णशिखर ग्लोबल बिझनेस युनिव्हर्सिटी. महिनाभर ती तिथे शिकलेला एक जिवंत माणूस शोधत होती आणि तो तिच्याच बैठकीत बसला होता. घड्याळात बाराला वीस मिनिटं होती.

"तुम्ही इथून केलं?" तिनं केशवला विचारलं. "मी आत्ताच नाव घालून राहिली तिथं. कसं आहे?"

"चांगलं आहे," सिंधूताई म्हणाल्या.

केशवनं आईकडे पाहिलं, मग भैरवीकडे. आल्यापासून तो पहिल्यांदाच बोलला. "नका घेऊ, मॅडम. कंपनीनं माझे कागद तपासले, तर यूजीसीच्या यादीत नावच नाही या युनिव्हर्सिटीचं. मले काढून टाकलं. पत्त्यावर गेलो, तर खाली साड्यांचं फॉल-पिकोचं दुकान, अन् वर कुलूप."

"मग तो बगिचा?" देवरावांनी विचारलं. घोळ उलगडताना लेकीनं त्यांना तो फोटो दाखवला होता.

"कोणाचा आहे, मले बी माहीत नाही."

मारोतराव खुर्चीत पुढे सरकले. "फॉल-पिकोवाल्याले विचारलं काय?"

"विचारलं. तो म्हणे, तुम्ही सतरावे."

"हे आधी विचारायचं असते, गा," मारोतराव हळहळून म्हणाले.

सिंधूताई मुलाकडे बघत होत्या. "चार महिने मी डबा करून देऊन राहिली," त्या हळूच म्हणाल्या. "तू जात कुठं होता?"

"लायब्ररीत. तिथं बसून खातो."

तेवढ्यात भैरवीचा फोन वाजला. प्रीती मॅडम होत्या. फक्त पंधरा मिनिटं उरली आहेत, असं त्या सांगायला लागल्या, तर मारोतरावांनी फोन मागून घेतला आणि नऊ वर्षांत शेकडो घरी वापरलेल्या नम्र आवाजात विचारलं, "मॅडम, तुमच्या खाली फॉल-पिकोचं दुकान आहे काय?"

फोन कट झाला. पुन्हा कधी आला नाही.

मग सगळे मिळून त्या एका संगणकासमोर बसले. यूजीसीच्या यादीत जुनं विद्यापीठ सापडलं, अभ्यासक्रमाच्या नावासकट. देवरावांनी ते नाव बोट ठेवून अक्षर अक्षर जुळवून पाहिलं. दिवाळीच्या सुट्टीची सूचना तिथे अजून लुकलुकत होती, पण आता भैरवीला ती आवडायला लागली. तिचा अर्ज भरून झाल्यावर सिंधूताई पुढे झाल्या आणि केशवला हाताला धरून त्याच खुर्चीवर बसवलं. त्याचाही अर्ज भरला गेला. ऋषी खाली जाऊन पेढे घेऊन आला. सिंधूताईंनी पहिला पेढा केशवच्या हातावर ठेवला.

देवराव निघाले तेव्हा भैरवी त्यांना सोडायला खाली गेली. छोटा हत्ती रिकामाच उभा होता. ते म्हणाले, आज गाडी रिकामी जाते, पण पुढच्या रविवारी तुझं दहावीतलं अभ्यासाचं टेबल घेऊन येतो. भैरवीनं मान हलवली. एका वडिलांनी तिच्यासाठी तीनशे घरांत शब्द टाकला होता, दुसरे तिला घरी न्यायला सकाळी सहालाच गाडी ठरवून आले होते. एकानं स्थळाचा घोळ केला, दुसऱ्यानं त्या घोळावर विश्वास ठेवला, आणि त्या घोळामुळेच ती वाचली. एवढं आपल्यासाठी कोणी धावतं, हे तिला छत्तिसाव्या वर्षी कळलं आणि तिचे डोळे भरून आले.

ती वर आली तेव्हा मारोतराव गॅलरीत फोन घेऊन बसले होते. गटावर खुलासा करायलाच हवा होता, आणि तो त्यांनी नुकताच केला होता:

"सर्वांचे मनःपूर्वक आभार. चि. सौ. कां. भैरवीचे पक्के झाले. आपल्या सिंधूताईंचे चिरंजीव केशव यांचेही तिथेच जमले. दोघांचे एकत्रच सुरू होईल. व्याही देवराव स्वतः हजर होते. ऋषीने पेढे वाटले."

भैरवीनं तो दोनदा वाचला. दुरुस्ती करायला ती फोन मागणार होती. पण मारोतराव तिच्याकडे ज्या समाधानानं बघत होते, ते पाहून तिनं आपलाच फोन काढला आणि त्या मजकुराखाली सगळ्यांसमोर लिहिलं, "बाबा, तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही."

आत ऋषीचा फोन वाजला. विश्वनाथकाकांचा होता. त्यांचा आवाज इतका खोल गेला होता, की ऋषीनं स्पीकर लावला.

"पेढे तू वाटले काय गा?"

"हो काका," ऋषी अभिमानानं म्हणाला. "तुमच्यासाठी बी ठेवले आहे."