नाव घातलेलं भांडं

यमुनाताई भोईरांना कुणी चहा दिला, तर त्या आधी कप उचलून खालून बघतात. आमच्या घरी सत्यनारायणाच्या प्रसादाची वाटी त्यांनी अशी काही तपासली, की अर्धा शिरा माझ्या मांडीवर आला. वाटी आमचीच निघाली. पण ताईंना संशय आला होता. त्या उठल्या, सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याखालचं पातेलं घेऊन बाहेर आल्या.

"दादा, हे आमचं."

पातेल्यावर 'नामदेव भोईर' असं कोरलेलं होतं. मुलाच्या मुंजीला आणलेलं ते पातेलं परत करायचं राहून गेलं होतं. मुलगा आता दाढी करतो.

"भाडं लावू नका," मी म्हणालो.

"नाय लावत. नाव घातलेलं भांडं हाय. कुठंबी जाऊदे, फिरून घरी येतं."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. पनवेलला आमच्या बिल्डिंगखालच्या गाळ्यात त्या भाड्याने भांडी देतात. नेऱ्यापासून बेलपाड्यापर्यंत कुठेही हळद असो, गावजेवणाचे टोप आणि पराती इथूनच जातात. परत आलेल्या प्रत्येक भांड्याच्या नावावरून ताई अंगठा फिरवतात आणि मगच ते आत घेतात. नाव मात्र तोंडाने वाचत नाहीत. नवऱ्याचं ना ते. नवऱ्याला त्या 'मालक' म्हणतात आणि मालक कुठे असं विचारलं, की "बाहेरगावी." मालक ट्रक घेऊन गोवा हायवेने गेले, ते कर्नाळ्याच्या पुढे कुठे गेले कुणाला ठाऊक नाही. तिकडेच दुसरा संसार मांडला, असं नेऱ्यात बोलतात. ताईंसमोर कुणी बोलत नाही.

तर लगीनसराई तोंडावर आली आणि ताईंनी स्वतःचा टेम्पो घ्यायचं ठरवलं. भाड्याचा टेम्पोवाला नेमका हळदीच्या दिवशी फोन उचलत नसे, आणि एकदा भांडी उशिरा पोचली की ते गिऱ्हाईक कायमचं तुटतं. कर्जासाठी त्या बँकेत जाऊन आल्या. घरातल्या कुणाला तरी घेऊन या, असं तिथे सांगितलं. घरात कुणी नाही म्हणून त्या मला घेऊन गेल्या.

"दादा, तुमी काय बोलू नका. नुसतं गडीमाणूस म्हणून बसा."

माझ्या अंगच्या गुणांचा इतका अचूक उपयोग आजवर कुणी केला नव्हता. मी बसलो. साहेब तरुण होते, सभ्य होते. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"वर्षाची उलाढाल किती?"

ताईंनी सांगितली. साहेबांनी माझ्याकडे बघून मान डोलावली.

"माल कुठून घेता?"

ताईंनी सांगितलं. साहेब मला म्हणाले, "छान."

हळूहळू मलाही आपण छान चालवतो धंदा, असं वाटायला लागलं.

"पूर्ण नाव?"

ताईंनी आधार कार्ड पुढे सरकवलं.

"धंद्याचे मालक कोण?"

"मालक बाहेरगावी हायेत," ताई म्हणाल्या.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग ते आल्यावर या."

आता मात्र मला राहवेना. मालक म्हणजे यांचे मालक, धंद्याच्या मालक याच, त्या मालकांचा या मालकीशी संबंध नाही, असं मी इतकं नीट समजावलं, की साहेबांनी विचारलं, "मग तुम्ही कोण?"

"ते नुसते बसलेत," ताई म्हणाल्या.

शेवटी साहेब गाळा बघायला आले. बिलं तपासली, सगळी ताईंच्या नावाची. फोटो काढायला मोबाईल वर केला आणि थांबले. टोपांवर ओळीने नामदेव भोईर, नामदेव भोईर.

"ताई, बिलं तुमची आणि नाव दुसऱ्याचं. फोटो बघून वरचे मलाच विचारतील. भांड्यांवर तुमचं नाव घाला, मी परत येतो."

त्यानंतरचे कितीतरी दिवस ताई गाळ्यात स्वच्छच असलेले टोप घासत बसल्या. मी बायकोला म्हटलं, "नाव घालणारा अक्षरावर पैसे घेतो. जिवावर आलंय त्यांच्या."

"तुम्हाला ना, काही कळत नाही," बायको म्हणाली. "ही सगळी भांडी नवरा सोडून गेल्यानंतर घेतलेली आहेत."

मग एके दिवशी नाव घालणारा मशीन घेऊन आला. मी त्याला फुकटचा सल्ला दिला, की जुनं नाव घासून टाक आणि सरळ 'यमुना भोईर' घाल.

"घासायचं कशाला?" ताई म्हणाल्या. "म्होरं जागा हाय ना? म्होरं 'यमुना' घाल. तीन अक्षरांचं काम, तीन अक्षरांचेच पैसे."

मी हसलो. सोबत आलेली बायको हसली नाही.

संध्याकाळी त्याने शेवटचा टोप पुढे केला. "ताई, एकदा वाचून बघा. चुकलं असेल तर आत्ताच सांगा."

ताईंनी टोप उजेडाकडे धरला आणि अंगठा पहिल्या अक्षरावर ठेवला.

"यमुना," त्या म्हणाल्या. अंगठा थांबला. त्यांनी एकदा रस्त्याकडे बघितलं. "नामदेव. भोईर."

मशीन चालू असतं तर ऐकूही आलं नसतं.

"बराबर हाय," त्या म्हणाल्या.

साहेबांनी फोटो काढले, कर्ज मंजूर झालं. सह्या करायला ताई एकट्याच गेल्या, माझी गरज पडली नाही. टेम्पोची पहिली फेरी कर्नाळ्याच्या पुढची होती. तिकडची हळद ताई कधी घेत नसत, परवडत नाही म्हणायच्या.

मी खाली उतरलो तेव्हा टेम्पो भरत होता. ताईंनी ड्रायव्हरला थांबवलं, मागचा मोठा टोप स्वतः धरला आणि फिरवून ठेवला.

"नाव भायेरच्या अंगाला येऊदे," त्या म्हणाल्या.