बिराजदार सरांची चिलटं

चिलटांना पिल्लं झाली म्हणून पेढे वाटणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? आमच्या भवानी पेठेत आहे, आणि तो आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो हे मी पाहुण्यांना मुद्दाम सांगतो. बिराजदार सर. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. बायको गेली, मुलगी बंगळूरला. आता घरात सर आणि कपाटभर बाटल्या.

बाटल्यांत चिलटं. त्यांना खायला उजनीकडची, पिकून काळी पडलेली केळी, आणि त्यात कालवायला सूत रंगवायच्या कारखान्यामागच्या नाल्याचं पाणी. त्यात तांबं, क्रोमियम असलं काय काय असतं म्हणे. पहिल्या खेपेला जवळजवळ सगळी चिलटं मेली. जी थोडी तगली, त्यांची पिल्लं सरांनी तेच खाऊ घालून वाढवली. त्यातली जी तगली, त्यांची पिल्लं पुन्हा तशीच. असं करत करत आताची पिढी तेच खाऊन बाटलीभर भणभणते. नवी पिढी आली की सर पेढे घेऊन आमच्या दारात. "सोसलं की!" एवढंच म्हणतात, पण चेहरा असा, जणू नातू कलेक्टर झाला.

आमच्या हिने एकदा सरांसमोरच एक चिलट टाळीत मारलं. सरांनी चष्मा लावून ते निरखलं आणि म्हणाले, "आमचं न्हाई. आमची अंगानं बारकी हायत."

कपाटाच्या वर, त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या फोटोशेजारी, एक बाटली असे. तिच्यात काहीच हलत नसे. आमची ही ती बाटली पुसायला गेली तर सरांनी हात लावू दिला नाही. असेल सरांचं काहीतरी, म्हणून आम्ही सोडून दिलं.

मग बातमी कारखान्याच्या मालकांपर्यंत गेली. नाल्यावरून पेठेत कुरकुर चालू होतीच. त्यांनी सरांचा सत्कार ठरवला. शाल, हार, आणि सरांनी फक्त एवढं सांगायचं की जीव हळूहळू सरावतो, घाबरायचं कारण नाही. आपल्या सरांची कुणी दखल घेतली म्हणून सगळी पेठ लोटली. मी पहिल्या रांगेत.

सरांनी हार घेण्याआधीच पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. भणभणती वर धरली.

"ही सोसलेली. बारकी झाली, अंडी कमी घालतात, पण जगली. मला लई अभिमान हाय त्यांचा."

दुसरी त्यांनी दोन्ही हातांनी धरली. तळाशी वाळलेल्या चिलटांचा थर होता.

"ही पहिल्या पिढीतली. ह्यांना सोसलं न्हाई. टाकवली न्हाईत मला. आमचे अप्पा ह्याच कारखान्यात सूत रंगवायचे. ते ह्या बाटलीतले."

शाल घडीतच राहिली. सर खाली उतरले तशी आमची रांग उठली, मागून सगळी पेठ उठली. अशा माणसाचा मी शेजारी आहे, या अभिमानानं मी त्यांची पिशवी उचलून घेतली.

घरी येऊन सरांनी ती बाटली फोटोशेजारी होती तशी ठेवली. खिशातून कागदात गुंडाळलेला पेढा काढला. मला वाटलं, मला देतील. त्यांनी तो फोटोपुढं ठेवला.

"पोरं जगली, अप्पा," ते हळूच म्हणाले.