मशीनचं पाणी

यंत्र कधी बिघडत नसतं. त्याच्या भोवतालची माणसं कमी पडतात. अंबडच्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात हे सत्य सगळ्यात आधी सुवर्णा पगार यांना कळलं, कारण कॉफी मशीन त्यांच्या ताब्यात होतं.

सुवर्णाताई प्रशासन बघत. (म्हणजे दुसरं कुणी बघत नाही ते सगळं.) धाकट्या साहेबांनी एका वेळी एकच कप कॉफी देणारं ते मशीन हौसेने आणलं आणि थोड्याच दिवसांत ते लाल दिवा मिचकावू लागलं. ताईंनी स्विच बंद करून पुन्हा चालू केला. कॉफी पावडरची कॅप्सूल काढून परत बसवली. आतली सुई तुंबली असेल म्हणून साडीची पिन घालून पाहिली. मशीनने अर्धा कप कोमट पाणी दिलं आणि दिवा मिचकावणं चालू ठेवलं.

हेल्पलाइनवरच्या मुलाने विचारलं, "मॅडम, पाणी कुठलं वापरता?"

"बोअरचं. इथे सगळे तेच पितात."

"त्यात क्षार असतात हो. आत थर बसतो. मशीनला ते नाही चालत."

माणसांना चालतं का, हा प्रश्न त्याच्या अखत्यारीत येत नव्हता.

मशीनसाठी शुद्ध पाण्याचा जार सुरू झाला. व्होल्टेज कमी-जास्त होतं म्हणून यूपीएसची लाइन आली. धूळ नको म्हणून एसी केबिन मिळाली. तिथे बसणारे अकाउंटंट रविराज देवरे जिन्याखाली गेले. (त्यांना धूळ चालते.) आतून साफसफाईसाठी मशीनला महिन्यातून एक भरपगारी सुट्टीही मंजूर झाली. शॉपफ्लोअरवर पाण्याचा फिल्टर बसवावा, ही ताईंची मागणी मात्र दोन उन्हाळे विचाराधीन होती. लाल दिवा न मिचकावता आपण तोंडाने मागतो तिथेच चुकतं, असं त्यांना वाटून गेलं.

मशीन सुधारलं. फेसाळ, वाफाळती कॉफी येऊ लागली. "बघा ताई, नीट काळजी घेतली की सगळं चालतं," धाकटे साहेब म्हणाले. ताईंना बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं.

मे महिन्यात एका दुपारी वेल्डिंगवरचा देवराम केबिनच्या दारात आला. पेठकडचा माणूस, कधी काही न मागणारा. हातात रिकामी बाटली.

"ताई, त्या जारमधलं जरा भरून घेऊ का? कंबर लय दुखती. मुतखडा निघालाय. डॉक्टर म्हणला, बोअरचं पिऊ नको."

ताईंनी जारकडे पाहिलं. पाणी तळाला आलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी परदेशी पाहुणे यायचे होते.

"देवरामभाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "ते मशीनचं आहे."

"बरं," देवराम म्हणाला आणि बोअरच्या नळाकडे गेला. त्याने दार अलगद लावून घेतलं, एसी वाया जाऊ नये म्हणून.

तुमच्या हातून असं झालं नसतं, यात शंकाच नाही. तुमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाई तहान लागल्यावर फिल्टरचं पाणी घेतात की मोरीतल्या नळाचं, तेवढं फक्त एकदा बघून ठेवा.