खिडकीतली कंबर

साठ सालाच्या आसपास मी घाटंजीच्या हायस्कुलात मास्तर म्हणून रुजू झालो आणि मला भाड्याची खोली मिळाली ती एका कमरेशेजारी. अतिशयोक्ती नाही. शेजारच्या घराच्या पश्चिमेच्या खिडकीत माणसाची कंबर टांगलेली होती. पहिल्याच संध्याकाळी मी हातपाय धुवायला अंगणात आलो, शेजारी आत कंदील लागला आणि खिडकीत एकाखाली एक मणके उमटले. मग खालच्या बरगड्या, मग कमरेचं पसरट हाड. कंदील हलला की सगळं थोडं श्वास घेतल्यासारखं हलायचं. मी तांब्या तिथेच टाकून आत आलो आणि दाराला कडी घातली.

ती एक्स-रेची प्लेट होती, हे दुसऱ्या दिवशी कळलं. पण कळल्यानं भीती जाते, असं काही नसतं. बाजाराच्या दिवशी खेड्यांवरून येणाऱ्या बाया त्या खिडकीसमोरून जाताना पदर पुढे ओढून घेत. काही तर हातही जोडत.

घर काकाजी मोजणीदारांचं. उभा जन्म त्यांनी सरकारी मोजणीखात्यात काढला. रानोमाळ साखळी टाकायची, हद्दीचे दगड शोधायचे आणि भांडणाऱ्या भावाभावांना धुरा, म्हणजे शेताचा बांध, दाखवून द्यायचा. निवृत्त झाले तरी मोजणी अंगातून गेली नव्हती. त्या प्लेटच्या कोपऱ्यात त्यांनी कागदाचा बाण चिकटवला होता.

"हे काय काकाजी?"

"उत्तर दिशा. नकाशा हाय ना मास्तर. नकाशाले उत्तर नको?"

"कोणाच्या कमरेचा नकाशा?"

"माझ्या. दुसऱ्याची कंबर मी कायले टांगीन?"

मग त्यांनी पेन्सिल घेऊन मला समजावून सांगितलं. येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, पाणी आणून देणाऱ्यालासुद्धा. "पांढरं ते हाड. जितकं पांढरं तितकं भरीव. आता हा मणका पाहा. चारी बाजूचा धुरा तेवढा दिसून राह्यला, मधात वावर रिकामं. आजूबाजूचं मांस अन् हाड, रंगात फरकच नाही. नागपूरचा डॉक्टर म्हणे, हाडं विरळ झाली. अन् फोटोत दिसेपर्यंत पुष्कळ गेलेलं असते म्हणे. आता एकदा पडणं झालं का कंबर मोडली. अन् या वयात मोडली का माणूस खाटेवरून उठत नाही."

हे ते इतक्या खालच्या आवाजात सांगत की ऐकणाऱ्याचा हात आपोआप स्वतःच्या कमरेवर जाई.

न पडण्यासाठी काकाजींनी जे काही आरंभलं होतं त्यानं सारी घाटंजी हैराण होती. घरातले सगळे उंबरठे त्यांनी सुताराकडून उपटून काढले. उंबरठा नाही म्हणजे लक्ष्मी आत येईल कुठून, म्हणून काकू रडल्या. "सपाट रस्त्यानं येईन," काकाजी म्हणाले. पलंगाचे पाय कापले. न्हाणीत पोती अंथरली. रोज सकाळी दोघांनी उन्हात बसायचं, दोघांनी पेलाभर दूध प्यायचं. काकूंना दुधाची शिसारी होती. पण "मले एकट्याले जात नाही, तूही घे," असं म्हणून ते पेला पुढे करत.

आणि संध्याकाळी फिरणं. एका हातात मोजणीची जुनी काठी, दुसऱ्या हातात काकूंचा हात. होय, भर रस्त्यात, भर बाजारात बायकोचा हात! त्या काळी घाटंजीत नवराबायको एकत्र निघाले तरी नवरा पुढे आणि बायको मागे असायची. हे मात्र काठीनं आधी जमीन ठोकणार, कान देणार, मग पाऊल टाकणार. जमिनीखाली कोणीतरी झोपलंय आणि त्याला उठवायचं नाही, अशी ती चाल. "मले आधार लागते," असं ते समोरच्याला न विचारता सांगत. काकूंची मान खाली असे. त्यांच्याकडे पाहून मला वाईट वाटे आणि काकाजींचा रागही येई. स्वतःच्या हाडांसाठी बिचारीला सगळ्या गावात मिरवतात, असं मी घरी पत्रातसुद्धा लिहिलं.

त्या वर्षी माझा मेहुणा आला. तो नागपूरला डॉक्टरी शिकत होता. काकाजींनी असं गिऱ्हाईक सोडणं शक्यच नव्हतं. खिडकीसमोर नेऊन त्यांनी पेन्सिल काढली. सूर्य खाली आला होता. प्लेटमधून लाल उजेड आत पडत होता आणि हाडांची उजळ आकृती भिंतीवरून सरकत सरकत, कोपऱ्यात गहू निवडत बसलेल्या काकूंच्या अंगावर आली. मेहुणा प्लेटच्या अगदी जवळ जाऊन कमरेच्या हाडाकडे पाहत राहिला.

खोलीत आल्यावर म्हणाला, "भाऊजी, ती कंबर पुरुषाची नाही. बाईची आहे."

"नक्की?"

"कमरेचं हाड बाईचं वेगळं असतं. रुंद. शंकाच नाही."

मग त्या खिडकीत कोण होतं? खरं सांगतो, मला त्या क्षणी काकू आठवल्याच नाहीत. कोणत्या तरी मेलेल्या बाईचा फोटो या माणसानं आणून टांगलाय आणि रोज तिला उत्तर दिशा दाखवतोय, असंच वाटलं. अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी मी सरळ जाऊन विचारलं. काकाजींनी काकूंना अंगणात उन्हात बसवलं, दार लोटलं आणि खाली बसले.

"तिचीच हाय," ते म्हणाले. "दोघांचेही फोटो काढलते. माझी हाडं दगडासारखी निघाली. तिची अशी. तिच्या आईले वैद्यानं सांगितलं होतं, हाडं गेली तुमची. बाईनं त्या दिवशी जी खाट धरली ती भीतीनंच. पुन्हा जमिनीवर पाय नाही ठेवला, खाटेवरूनच गेली. हीही तशीच भित्री हाय. म्हून म्या सांगितलं, खराब ते माझं. आता ती माझ्यासाठी चालते, माझ्यासाठी दूध पेते. तिले कळलं तर ती संपली, मास्तर."

"आणि तुमची प्लेट?"

"परसात गाडून टाकली. शेवग्याखाली."

जिवंतपणी स्वतःची हाडं पुरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला हसू यायला हवं होतं, ते आलं नाही. तोंड उघडणार नाही, असं मी कबूल केलं.

पुढं एकदा काकाजींना पेन्शनीच्या कामासाठी यवतमाळला जावं लागलं. काकूंवर लक्ष ठेवा, असं त्यांनी मला दहादा बजावलं. दिवेलागणीला मी डोकावलो तर घरात कंदील लागलेला नव्हता. खिडकीपाशी कोणीतरी उभं होतं आणि एक बोट प्लेटवरून हळूहळू खाली सरकत होतं, मणक्यामागून मणका. माझ्या तोंडून आवाज निघाला असावा.

"भेऊ नका मास्तर, मीच हावो," काकू म्हणाल्या. मग त्यांनी एका बरगडीवर बोट ठेवलं. "इथं वाकडी दिसते ना? लहानपणी बैलगाडीतून पडलती मी. आंघोळ करताना रोज हाताले लागते. आपली बरगडी आपल्याले वळखू नाही येणार का?"

"कधी कळलं तुम्हाला?"

"टांगली त्याच दिवशी."

"मग काकाजींना का नाही सांगितलं?"

"काय सांगू? लगन झाल्यापासून मी यांच्या मागंमागं चालली. मी येऊन राह्यली का नाही, हे पाहाले यांनी कधी मान वळवली नाही. आता बाजारात हात धरतात." त्यांनी बोट प्लेटवरून काढून घेतलं. "भेव मले लय वाटते, मास्तर. आईची खाट डोळ्यांपुढून हालत नाही. पण हात धरला का पाऊल उचलते. मले माहीत हाय हे त्यायले कळलं, तर ते बिचारे खचून जातीन."

बाहेर फाटक वाजलं. काकाजी आले होते, अंगभर धूळ. पिशवी ठेवायच्या आधी त्यांनी काकूंकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग चेहरा पाडून, थकल्याचं सोंग आणून हात पुढे केला.

"चाल वं, अंगणात चार पावलं टाकू. बसून बसून कंबर आखडली माझी."

काकूंनी हात दिला. "हळू चाला," त्या म्हणाल्या. "तुमची हाडं नाजूक हायेत."

"हो ना," काकाजी म्हणाले आणि त्यांनी तो हात आणखी घट्ट धरला.